एका अक्षराचे मोल

घोडा विकत घ्यायला निघालेला जाणता माणूस घोडा आधी पळवून पाहत नाही. तो त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारतो, ओठ उचलून दात पाहतो, खूर पाहतो आणि मग अंगावरचे भोवरे शोधू लागतो. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन उभे राहिले की ही परीक्षा आजही पाहायला मिळते. कंठावर देवमण निघाला की भाव चढला. नको त्या जागी भोवरा निघाला की जनावर वाऱ्यासारखे पळणारे का असेना, गिऱ्हाईक पाठ फिरवते. वास्तविक केस एका जागी गोल फिरले म्हणून पाय काही जलद पडत नाहीत. पण बाजाराचा कायदा निराळा. पळणे पायांवर ठरते आणि भाव भोवऱ्यावर ठरतो.

ही अश्वपरीक्षा आठवायचे कारण म्हणजे माझा भाचा अविनाश. हा गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या परिसरात असतो. डेट्रॉइट म्हणजे मोटारींची पंढरी. तिथे इतकी वर्षे काढल्यावर माणसाला मोटारीचे वेड लागले नाही तरच नवल. थोरली मुलगी कॉलेजात, धाकटी जायच्या बेतात, घराचे कर्ज फिटलेले, हाताशी थोडी शिल्लक. अशा वेळी आपल्याकडचा माणूस गावाकडे जमीन बघतो. अविनाशने जुन्या मोटारी बघायला सुरुवात केली. गेल्या उन्हाळ्यात त्याने मला फोन करून विचारले, "मामा, तुम्ही इतकी वर्षे मोटारींवर लिहिता. आता एकच सांगा. १९७० ची शेव्हेल घेऊ की १९७० ची कूडा?"

मी काही बोलायच्या आत फोन सूनबाईंच्या हातात गेला. मेधा म्हणाली, "मामा, यांना हौस आहे ना, मग खुशाल करू दे. पण ही गुंतवणूक आहे असं मला समजावू नका म्हणावं. तेवढं मात्र तुम्ही नीट बघून सांगा."

तेव्हा प्रश्न एकाचे दोन झाले. पळण्यात कोणती सरस, हा भाचेबुवांचा. आणि पैसा कशात सुरक्षित, हा सूनबाईंचा. दोन्हींची उत्तरे शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे. या मोटारी तुम्हां-आम्हांला घ्यायच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु वस्तूला मोल कशाने येते, हा प्रश्न घरातल्या जुन्या पितळी समईपासून या मोटारींपर्यंत सगळीकडे सारखाच आहे.

आधी या मोटारींची जात कोणती ते सांगतो. अमेरिकेत त्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू. कृती अगदी सोपी. मध्यम आकाराची, चारचौघांसारखी दिसणारी घरगुती मोटार घ्यायची आणि तिच्यात सर्वांत मोठ्या मोटारीचे एंजिन बसवायचे. १९६४ साली पाँटियॅक कंपनीने आपल्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे एंजिन घालून 'जीटीओ' काढली, तिथून या प्रकाराची लाट सुरू झाली असे मानतात. गंमत अशी की जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी मध्यम गाड्यांत इतके मोठे एंजिन घालायला मनाई केलेली होती. पाँटियॅकच्या मंडळींनी ते एंजिन गाडीत न दाखवता 'जादा पैसे देऊन मिळणाऱ्या वस्तूंच्या' यादीत दाखवले. नियम मोडला नाही, नुसता वाकवला. हे कसब आपल्याही कचेऱ्यांना अपरिचित नाही.

किती मोठे एंजिन, याची कल्पना यावी म्हणून घरचे माप देतो. त्या काळात मुंबईच्या रस्त्यावर धावणाऱ्या फियाटचे एंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे. अविनाशच्या मनातल्या शेव्हेलचे एंजिन ४५४ घनइंच, म्हणजे सुमारे ७४४० घनसेंटीमीटरचे. एका शेव्हेलच्या पोटात जवळजवळ सात फियाट! पेट्रोलही त्याच मानाने लागायचे. पाय जरा मोकळा सोडला की लिटरमागे तीन-चार किलोमीटर गेले तरी खूप झाले.

या दोन्ही नाममुद्रांशी मुंबईचे जुने नाते आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना घालून शेव्हरोले गाड्या जुळवायला सुरुवात केली. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ जुळवल्या. घरातल्या वडील माणसांना विचारा. एखाद्याच्या लग्नाच्या वरातीत यांपैकी एखादी गाडी निघेलच. मात्र आपण आज ज्या दोघींविषयी बोलतो आहोत त्या १९७० सालच्या, म्हणजे आपल्याकडे परदेशी मोटारींवर कडक निर्बंध होते त्या काळातल्या. त्यांचा सारा संसार अमेरिकेतलाच.

आता एकेकीची ओळख करून घेऊ.

पहिली प्लायमाउथ कंपनीची 'हेमी कूडा'. बॅराकुडा नावाचा एक दातेरी, चपळ समुद्री मासा आहे. त्याचे नाव गाडीला दिले आणि लाडाने त्याची 'कूडा' केली. आपल्याकडचा कुडा कडू असतो, हा खारा. एवढाच नावातला फरक. खरी मातब्बरी आहे ती 'हेमी' या शब्दात. एंजिनातल्या सिलिंडरचे डोके, जिथे पेट्रोलची वाफ पेटते ती जागा, साधारणपणे चपटी किंवा पाचरीसारखी असते. क्रायस्लरच्या यंत्रज्ञांनी ती अर्ध्या गोलासारखी, उपड्या वाटीसारखी केली. या घुमटाखाली हवा आत घेणारी झडप एका बाजूला आणि धूर बाहेर सोडणारी समोरच्या बाजूला बसते. त्यामुळे दोन्ही झडपा मोठ्या करता येतात, हवा एका दाराने आत येऊन दुसऱ्याने सरळ बाहेर जाते आणि ठिणगी पाडणारा प्लग मधोमध राहतो. भट्टी चांगली पेटते, श्वास मोकळा होतो.

या ४२६ घनइंची हेमीने पदार्पण केले ते १९६४ सालच्या डेटोना ५०० या शर्यतीत. रिचर्ड पेटी पहिला आला आणि पहिले तिन्ही क्रमांक प्लायमाउथ गाड्यांनीच नेले. शर्यतीच्या चालकमंडळाला हे फार झाले. सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळत नाही ते एंजिन शर्यतीत चालणार नाही, असे ठरून १९६५ च्या मोसमात हेमीला दार बंद झाले. तेव्हा क्रायस्लरने १९६६ पासून हेमी रस्त्यावरच्या गाड्यांतच घालून विकायला काढली. म्हणजे मूळचे हे शर्यतीचे यंत्र. कायद्यापुरते संसारात पडलेले. ४२५ अश्वशक्ती, चार-चार तोंडांचे दोन कार्बोरेटर आणि सिलिंडरांची डोकी इतकी रुंद व अवजड की लोकांनी त्याचे नावच 'हत्ती' ठेवले. कूडाच्या बॉनेटला भोक पाडून हवेचे तोंड थेट एंजिनावर बसवलेले असे. एंजिन थरथरले की बॉनेटमधून वर आलेला तो उंचवटाही थरथरे. गाडी उभी असतानासुद्धा पाहणाऱ्याला कळावे की आत काहीतरी कोंडलेले आहे.

रंगांचे तर विचारूच नका. जांभळा, पोपटी, पिवळाजर्द, भडक नारिंगी आणि चक्क गुलाबी! गुलाबी मोटार घेऊन नाक्यावर उभ्या राहणाऱ्या तरुणाला कोणी हसत नसे, कारण दिवा हिरवा झाल्यावर हसणारा मागे राहत असे.

दुसरी शेव्हरोले कंपनीची 'शेव्हेल एसएस ४५४', आणि तिच्यातही 'एलएस-६' या खुणेचे एंजिन असलेली. हिची गोष्ट साधी आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ४०० घनइंचांवरचे एंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक १९७० सालासाठी उठला. इतकी वर्षे दाबून धरलेले एंजिनवाले मोकळे सुटले आणि त्यांनी ४५४ घनइंचांचे एंजिन बसवले. कंपनीने जाहीर केलेला आकडा होता ४५० अश्वशक्ती. त्या काळी छापील पत्रकात इतका मोठा आकडा फारच थोड्यांनी दिला. यात घुमट नाही, दोन कार्बोरेटर नाहीत. चार तोंडांचा एकच मोठा कार्बोरेटर. झडपा मात्र तिरक्या, वेगवेगळ्या कोनांत रोवलेल्या, साळिंदराच्या काट्यांसारख्या. बॉनेटवर मागच्या अंगाला, काचेच्या पायथ्याशी एक झाकण जादा पैसे देऊन मिळे. ॲक्सिलरेटर खाली दाबला की ते आपोआप उघडून बाहेरची थंड हवा आत ओढून घेई. बाकी गाडी म्हणाल तर शेजारच्या शिक्षकाकडे असावी अशी. दोन पट्टे सोडले तर अंगावर काही दागिना नाही.

आता शर्यत लावू. अमेरिकेत या गाड्यांचे माप म्हणजे पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर. उभ्या जागेवरून निघायचे आणि सरळ रेषेत पाव मैल किती सेकंदांत जाता ते पाहायचे. त्या वेळच्या मोटारविषयक मासिकांनी दोघींच्याही चाचण्या घेतल्या. कधी गाडी निराळी, कधी हवा निराळी, कधी चालवणारा निराळा; पण निकाल पाहाल तर दोघीही तेरा ते चौदा सेकंदांच्या दरम्यान, आणि शेवटी वेग ताशी शंभर मैलांच्या पुढे. एका चाचणीत ही किंचित पुढे, दुसऱ्या चाचणीत ती. अंतर इतके थोडे की चालवणाऱ्याने क्लच अर्धा सेकंद उशिरा सोडला तर निकाल उलटावा.

कोणी म्हणेल, ४५० म्हणजे ४२५ पेक्षा २५ घोडे जास्त. मग शेव्हेल सरळ पुढे का नाही? याचे कारण त्या आकड्यांतच आहे. त्या काळी अश्वशक्ती मोजत ती एंजिन गाडीतून बाहेर काढून, बाकावर मांडून. पंखा, धुराड्याची नळी वगैरे लोढणी काढून टाकून. १९७२ पासून गाडीत बसल्यावर मिळते ती निव्वळ शक्ती छापायचा प्रघात पडला. त्याआधीच १९७१ मध्ये क्रायस्लरने हेमीचे दोन्ही आकडे दिले होते: एरवी ४२५, निव्वळ ३५०. शिवाय विम्याच्या कंपन्या आकडा बघून हप्ता ठरवू लागल्यामुळे मोठा आकडा मुद्दाम छोटा करून छापण्याची चालही पडलेली होती. तेव्हा या पंचवीस घोड्यांवर फार भिस्त ठेवू नये.

स्वभावाचा फरक मात्र आहे. शेव्हेलचा सगळा जोर एंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असतानाच मिळतो. हेमीला त्यासाठी ४००० पर्यंत जावे लागते. म्हणजे शेव्हेल पाय टेकताच झेपावते. हेमी थोडी वर जाऊन मोकळी होते; तिची खरी हौस लांबच्या पल्ल्यात, वरच्या वेगात. गावातल्या गर्दीत हेमी कुरकुरते. दोन कार्बोरेटर एका सुरात ठेवणे म्हणजे दोन तंबोरे एका सुरात लावण्यासारखे. लावता येतात, पण रोज लावायला कान लागतो. त्या बाबतीत शेव्हेल सोशिक. कोपऱ्यावर वळताना दोघीही सारख्याच नाठाळ. सतरा-अठराशे किलोचे धूड, त्यातले जास्त वजन पुढच्या चाकांवर आणि टायर त्या काळचे. सरळ रस्ता हेच यांचे माहेर.

तात्पर्य, भाचेबुवांच्या प्रश्नाला उत्तर असे की पळण्यात दोघी बरोबरीच्या, आणि रोज चालवायची तर शेव्हेल बरी.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. पळण्यात बरोबरीच्या असलेल्या या दोघी बाजारात मात्र बरोबरीच्या नाहीत. सगळी कागदपत्रे शाबूत असलेली अस्सल एलएस-६ शेव्हेल आज एक लाख डॉलरच्या पुढे जाते. तशीच अस्सल हेमी कूडा तिच्या दुप्पट आणि कधी त्याहूनही वर. उघड्या टपाची हेमी कूडा असेल तर बोलायलाच नको. १९७१ सालची अशी एक गाडी २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरच्या बोलीला गेली. नवी होती तेव्हा दोन्ही गाड्या चार-पाच हजार डॉलरच्या घरात मिळत होत्या!

हा फरक कशाचा? शर्यतीचा तर नाही. हा फरक आहे दुकानात पडून राहण्याचा.

१९७० मध्ये एलएस-६ एंजिनाच्या सुमारे साडेचार हजार गाड्या तयार झाल्या. हेमी कूडा किती झाल्या? बंद टपाच्या ६५२ आणि उघड्या टपाच्या १४. पुढच्या वर्षी तर बंद टपाच्या शंभराच्या आसपास आणि उघड्या जेमतेम डझनभर. कंपनीने हात आखडता घेतला म्हणून नव्हे. गिऱ्हाईकच नव्हते म्हणून. हेमीसाठी सुमारे ८७१ डॉलर जादा मोजावे लागत. त्याच दुकानात, त्याच कूडामध्ये ४४० घनइंचांचे तीन कार्बोरेटरवाले एंजिन सुमारे २५० डॉलर जादा देऊन मिळे. अश्वशक्ती ३९०, रस्त्यावर फरक कळू नये इतका, आणि कटकट कमी. हेमी घेतली तर विम्याचा हप्ता असा की पंचविशीच्या आतल्या तरुणाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. चारचौघांत ज्याला शहाणा म्हणतात असा प्रत्येक जण ४४० घेऊन घरी गेला. त्याचे काही चुकलेही नाही. त्याने पैसे वाचवले, गाडी वापरली, संसार केला.

पण त्या शहाणपणामुळेच हेमी दुर्मिळ झाली. आज लिलावात हातोडा पडतो तो हेमीच्या घोड्यांवर नव्हे. १९७० साली ज्या हजारो माणसांनी हिशेब करून हेमी घेतली नाही, त्यांच्या नकारावर पडतो. सर्वांनी घेतलेली वस्तू चांगली असते. कोणी न घेतलेली वस्तू महाग होते. आपल्या घरी पहा. रोजच्या वापरातले तांबे-पितळ मोडीत गेले. कोणी न वापरलेले, फडताळात कोनाड्यात पडलेले अडकित्ते आज पुराणवस्तूंच्या दुकानात काचेत बसलेले आहेत.

लवकरच हा खेळच संपला. हवा स्वच्छ राखण्याचा कडक कायदा १९७० मध्ये आला, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ पासून जनरल मोटर्सने एंजिनांचा दाब उतरवला आणि एलएस-६ शेव्हेलमध्ये पुन्हा आले नाही. हेमीही १९७१ नंतर बंद. १९७३ साली तेलाचा भडका उडाला आणि १९७४ मध्ये बॅराकुडाच बंद झाली. पुढे २००१ मध्ये खुद्द प्लायमाउथ हे नावच मिटले. पैलवान गाड्यांचे राज्य उणीपुरी दहा वर्षे.

इथपर्यंतचा हिशेब अविनाशला पाठ होता. त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस त्याने मोठ्या उत्साहाने मला काही छायाचित्रे पाठवली. दूरच्या एका राज्यात एक जांभळी हेमी कूडा विकायला आली होती. पत्रा आरशासारखा, एंजिन नारिंगी रंगात चमचमणारे, आसने कोरी. आणि किंमत बाजारभावाच्या मानाने बरीच उतरलेली. विकणाऱ्याने लिहिले होते की गाडीत ४२६ हेमी एंजिन आहे. ते खरेच होते. छायाचित्रात दिसतच होते.

मी त्याला एवढेच कळवले की पुढच्या काचेतून दिसणारी नंबराची पट्टी जवळून टिपून पाठव.

ही पट्टी म्हणजे या गाडीची जन्मपत्रिका. क्रायस्लरच्या त्या वेळच्या पद्धतीत नंबराची सुरुवात अक्षरा-आकड्यांच्या एका सांकेतिक शब्दाने होई. १९७० च्या बंद टपाच्या हेमी कूडाचा नंबर 'बी एस २ ३ आर' असा सुरू होतो. 'बी' म्हणजे बॅराकुडा. 'एस' म्हणजे त्यातला खास दर्जा, कूडा. '२३' म्हणजे दोन दारांची, बंद टपाची. आणि पाचवे अक्षर म्हणजे कारखान्यातून निघताना तिच्यात कोणते एंजिन होते ते. 'आर' म्हणजे हेमी. ४४० चे तीन कार्बोरेटरवाले असेल तर 'व्ही'. साधे ३८३ घनइंचांचे असेल तर 'एन'.

छायाचित्र आले. पाचवे अक्षर 'एन' होते.

म्हणजे गाडी कूडाच होती, आतले एंजिन हेमीच होते. पण ती हेमी होऊन जन्मली नव्हती. पुढे केव्हातरी कोणी कसबी कारागिराने ३८३ काढून तिथे हेमी बसवली. विकणारा एक अक्षर खोटे बोलला नव्हता. 'गाडीत हेमी आहे' आणि 'गाडी हेमी आहे' यांत फरक असतो, आणि तो फरक ज्याचा त्याने विचारायचा असतो. अशी गाडी पळायला अस्सलाइतकीच पळेल. पाव मैलाच्या रस्त्यावर अक्षर कोणी विचारत नाही. पण उद्या विकायला काढली की तिची किंमत अस्सल गाडीच्या जवळपाससुद्धा जात नाही. पाय तेच, चाल तीच. कंठावर देवमण नाही.

शेव्हेलच्या बाबतीत हे प्रकरण याहून अवघड आहे, आणि गिऱ्हाइकाने अधिक सावध राहायला हवे ते इथे. शेव्हरोलेच्या १९७० च्या नंबरात एंजिनाचे अक्षरच नाही. दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या मालिबू शेव्हेलचा नंबर १३६३७ ने सुरू होतो. मग तिच्यात सर्वांत छोटे ३०७ घनइंचांचे एंजिन असो की एलएस-६. 'एसएस' हासुद्धा जादा पैसे देऊन घेतलेला साज; त्याचीही नोंद नंबरात नाही. त्यामुळे साध्या मालिबूला पट्टे ओढून, एंजिन बदलून 'एसएस ४५४' करणे सोपे. वर आज या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग, पत्र्यासकट, नवा करून मिळतो. अस्सलपणा सिद्ध करायचा तो कागदाने. कारखान्यात गाडी जुळवताना कामगारांसाठी निघालेला तपशिलाचा कागद कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो. उंदरांनी कुरतडलेला तसला एक चतकोर गाडीची किंमत कुठल्या कुठे नेतो. कागद नसला तर एंजिनावर ठोकलेली अक्षरे, मूळ खरेदीची पावती, पहिल्या मालकाची साखळी असे धागे जुळवत बसावे लागते.

अविनाशच्या नजरेत असलेली शेव्हेल त्याच्याच वस्तीत आहे. मालक निवृत्त कामगार, गाडी त्याने स्वतः नवी घेतलेली, खरेदीची पावती आणि टाकीवरचा कागद दोन्ही त्याच्या कपाटात. दरवर्षी ऑगस्टात डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या मोटारींचा मेळा भरतो. १९९५ पासूनची ही प्रथा. तिथे तो न चुकता ही गाडी स्वतः चालवत नेतो. बाकीचे लोक गाडीचा पत्रा पाहतात, त्याला मात्र लोकांनी एंजिनाचा आवाज ऐकावा असे वाटते. त्याने अद्याप विकायची म्हटलेली नाही. नुसते 'बघू' म्हटले आहे. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात 'बघू'चा जो अर्थ होतो तोच तिथेही होत असावा.

आता सूनबाईंना द्यायचे उत्तर. जुन्या पैलवान गाडीला गुंतवणूक म्हणण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हा भाव चढतो तसा उतरतोही. २००६-०७ च्या सुमारास या गाड्यांना उधाण आले होते आणि २००८ च्या मंदीत भाव धाडकन खाली आले. वर घेतलेल्यांना पुष्कळ वर्षे थांबावे लागले. दुसरी, गाडी म्हणजे सोने नव्हे. तिला गॅरेज लागते, विमा लागतो, तेलपाणी लागते आणि नुसती उभी ठेवली तरी रबर कडक होते, पेट्रोलचा राळेसारखा चिकटा होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हौसेला वय असते. माणूस साठीत आल्यावर तीच मोटार विकत घेतो जी सोळाव्या वर्षी त्याला घेता आली नव्हती. १९७० मध्ये सोळा वर्षांचे असलेले आज सत्तरी ओलांडून गेले. त्यांच्या नातवंडांच्या स्वप्नात कूडा येते की आणखी काही, यावर पुढचा भाव ठरायचा आहे. अगदी मोजक्या, अस्सल, कागदोपत्री चोख गाड्यांना गिऱ्हाईक मिळत राहील असा माझा अंदाज. बाकीच्यांचे सांगता येत नाही.

म्हणून मी त्या दोघांना एकत्र बसवून फोनवर सांगितले ते असे. कुलूप लावून ठेवायची असेल तर हेमी कूडा. पण पाचवे अक्षर 'आर' असले तरच, आणि एंजिनही तेच जन्माचे असले तरच. चालवायची असेल तर शेव्हेल, आणि तीही शेजारच्या मालकाचीच. कारण तिचा कागद आहे आणि कागदापेक्षा भरवशाचा तो माणूस आहे. दोन्ही बाबतींत मुलींच्या शिक्षणाचे पैसे आधी बाजूला काढायचे, आणि जे उरेल ते गेले तरी झोप उडणार नाही एवढेच त्यात घालायचे.

मेधाने विचारले, "म्हणजे गुंतवणूक नव्हेच ना?"

मी म्हटले, "अगं, पाव मैल साडेतेरा सेकंदांत जाण्यात जो आनंद आहे, तो त्याच दिवशी वसूल होतो. त्यावर व्याज मिळाले तर ते देवाने दिले म्हणायचे."

त्या जांभळ्या कूडाची जाहिरात अजून तशीच आहे. किंमत आणखी थोडी उतरली आहे. आणि दर रविवारी सकाळी अविनाश शेजारच्या म्हाताऱ्याकडे शेव्हेल धुवायला मदत करायला जातो, असे मेधा सांगते.